पॅरासिटामॉल सपोझिटरी (१७० मिग्रॅ): औषध भारी, नाव घ्यायलाच लाज

आमचा दोन वर्षांचा, ताप १०२, आणि सिरप दिलं की पाचव्या मिनिटाला उलटी. डॉक्टर म्हणाले सपोझिटरी वापरा, म्हणजे गिळायची नाही, खालून आत सरकवायची औषधाची छोटी कांडी, वजनाप्रमाणे १७० ची लिहून दिली. मेडिकलवाल्याने "कुठून द्यायची माहितीये ना" हे इतकं हळू विचारलं की मलाच मोठ्याने "हो, शीच्या जागेतून" म्हणावं लागलं.

तर रिव्ह्यू. तासाभरात अंग गार लागायला लागलं, पोरगं झोपलं. थोडं रडला, पण सिरपच्या वेळी जी कुस्ती होते त्यापुढे काहीच नाही. पोटात जातच नाही त्यामुळे उलटीतून बाहेर पडायचा प्रश्न नाही, शरीराच्या उबेने विरघळतं आणि तिथल्या रक्तवाहिन्या औषध शोषून घेतात. एकच सांगते, वर सिरप पण देऊ नका, औषध तेच आहे, डोस डबल होतो.

रात्री जागीच होते तर नावाचा अर्थ शोधला. मला वाटायचं सपोर्टशी काही नातं असेल, पण नाही, लॅटिनमध्ये सब म्हणजे खाली आणि पोनेरे म्हणजे ठेवणे, झालं, "खाली ठेवायची वस्तू", एवढं साधं! पोझिशन पण त्याच पोनेरेचं. आणि आपल्याकडे तर आयुर्वेदात अशीच औषधाची वर्ती आहेच, फलवर्ती वगैरे, त्याच वर्तीची मराठीत वात झाली, समईत असते ती. आकार बघितला की पटतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, अगं आम्ही विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावायचो शी होत नसेल तर. (ते आता करू नका, साबणाची चिपटी तर नकोच, आतून आग होते.)

तक्रार एकच, दुकानदाराने एप्रिलमध्ये पट्टी काउंटरवर ठेवलेली, घरी आणेपर्यंत लोण्यासारखी लिबलिबीत. फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केली मग कव्हर सोलता आलं. पूर्वी या कोको बटरमध्ये बनवायच्या, चॉकलेटात असतं तेच, अंगाच्या उबेला वितळतं म्हणून. आणि झालं पण तसंच, फ्रिजच्या दारात पट्टी बघून नवऱ्याने परवा विचारलं, ही पांढरी चॉकलेटं कुणी आणली? आता डबीवर मोठ्या अक्षरात "वात, खायची नाही" लिहून ठेवलंय.