कंपनी सरकारचं फ्लिंटलॉक, व्हाया काठमांडू: आठ महिने वापरल्यावर

बर्मिंगहॅमजवळ जुन्या हत्यारांचा बाजार भरतो, तिथून हे फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारं लॉक, १४० पौंडांना घेतलं. लॉक म्हणजे बंदुकीचा फक्त घोड्याचा भाग. नळी नाही, दस्ता नाही. साडेसहा इंची लोखंडी पट्टी, तिच्यावर गारगोटी धरणारा घोडा, पुढे रंजकीचा प्याला आणि प्याल्यावर बसणारी पोलादी झडप. या झडपेला इथले लोक फ्रिझन म्हणतात. विकणारा म्हणाला, "ईस्ट इंडिया कंपनीचं आहे, १८००च्या आसपासचं, थोडं तेल दिलंत की चालायला लागेल." तीनातली पहिली गोष्ट तेवढी खरी निघाली.

फोटो जालन्याच्या काकांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "असईला आपल्यावर चाललेली दिसते!" असई त्यांच्याच जिल्ह्यात, त्यामुळे तिथल्या मराठे-इंग्रज लढाईची २३ सप्टेंबर १८०३ ही तारीख त्यांच्या जिभेवर असते. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. पण गंजाखाली पट्टीवर काहीतरी चार पायांचं दिसत होतं आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. कंपनीच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराचा शिक्का असे. त्याचे चार भाग, प्रत्येकात कंपनीच्या नावाचं एकेक अक्षर, आणि वर चारच्या इंग्रजी आकड्यासारखी खूण. १८०८च्या सुमारास तो बंद झाला आणि मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. माझ्या पट्टीवर सिंह होता. म्हणजे असई हुकली. काका म्हणाले, "मग खडकी धर, १८१७." त्यांना बंदूक आपल्याविरुद्धच हवी होती.

सिंह दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. कंपनीच्या लॉकच्या नकला अफगाणिस्तानच्या बाजूला भरपूर झाल्या. त्यांतला सिंह कुत्र्यासारखा दिसतो आणि अक्षरं अशी असतात की कोरणाऱ्याला वाचता येत नव्हतं हे कळतं. दुसरी फसवणूक जास्त बेमालूम असते. १८३०-४० नंतर गारगोटीऐवजी स्फोटक भरलेल्या टोपीने पेटणाऱ्या टोपीच्या बंदुका आल्या, तेव्हा कित्येक जुन्या लॉकचा प्याला आणि झडप काढून ती टोपीची करून घेतली. आता फ्लिंटलॉकला भाव जास्त, म्हणून लोक नवा प्याला चिकटवून त्यांना परत फ्लिंटलॉक करतात. पट्टी आतल्या बाजूने पाहा. बुजवलेली भोकं दिसतात का, गंजाचे खड्डे पट्टीवर खोल आणि प्याल्यावर नसल्यासारखे आहेत का, हे तपासा. माझ्या लॉकमध्ये खड्डे दोन्हीकडे सारखे होते, भोकंही सगळी मूळचीच. फक्त झडपेचा स्क्रू कोणीतरी अलीकडे बदललेला. त्याचे आटे आजचे, म्हणून तो अर्ध्यावर अडकून तिरका बसला होता.

"थोडं तेल" तीन आठवडे चाललं. घासलेटात तेल मिसळून बुडवून ठेवलं, तरी घोड्याचा स्क्रू हलेना. शेवटी स्क्रू ड्रायव्हरचं टोक कानशीने खाचेच्या मापाचं करून घेतलं. हे आधीच करायला हवं होतं. बाजारातलं टोक खाचेत डगमगतं आणि खाच फाटते.

खोलताना मुख्य स्प्रिंग सगळ्यात त्रासदायक. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली ही पोलादी पट्टी पक्कडीने काढायला गेलात तर एक तर ती मोडेल, नाहीतर तुमचं बोट. घोडा पूर्ण मागे ओढायचा, स्प्रिंगला क्लॅम्प लावायचा, मग घोडा हाताने धरून सावकाश पुढे सोडायचा. स्प्रिंग सैल होऊन हातात येते. या क्लॅम्पला २५ पौंड गेले, आणि या सगळ्या खर्चात तेवढेच मला कधी जड वाटले नाहीत. स्क्रू मात्र एका डब्यात टाकू नका. तेव्हा प्रत्येक स्क्रू हाताने केलेला, त्यामुळे तो आपल्याच भोकात बसतो. मी पुठ्ठ्यावर लॉकचं चित्र काढून जागच्या जागी टोचून ठेवले.

सगळे भाग सुटे झाल्यावर पट्टीच्या पाठीला गंजलेल्या तेलाचा थर होता. तो पुसला तर खाली ठोकलेले आकडे. देवनागरीत! इंग्रजी शिक्के शोधत बसलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या गॅरेजमध्ये अचानक आपला "३" दिसला, तर काय वाटेल? तीन आकडे होते. पहिला तीन, शेवटचा दोन, मधला पाच की आठ यावरून आईशी व्हिडिओ कॉलवर वाद झाला. वळण आपलं नव्हतं, नेपाळी होतं. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या हत्यारांचा प्रचंड साठा २००३मध्ये विकला गेला, त्यात कंपनीच्या बंदुकाही होत्या. माझं लॉक बहुतेक त्याच वाटेने आलं. गंमत म्हणजे अशी कितीतरी लॉकं डार्लस्टन-वेन्झबरीच्या कारागिरांनी परसातल्या शेडमध्ये कानशीने घडवली, आणि ती गावं माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहेत.

आता माझी चूक. उतावीळपणे ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि दहा सेकंदांत सिंहाची शेपटी गेली. नंतर शहाणपण सुचलं. भाग साध्या पाण्यात अर्धा तास उकळायचे, तांबडा गंज काळा पडतो, मग अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासायचं. तीन-चार वेळा केलं की पुरतं. पट्टी चकचकीत होत नाही, काळपट तपकिरी राहते, आणि ती तशीच राहायला हवी.

जोडल्यावर ठिणग्या पडेनात, पडल्या तर लालसर आणि वाटेतच विझणाऱ्या. झडपेवर कानस फिरवून पाहिली. कडक पोलादावरून ती घसरायला हवी, माझी चक्क धरत होती. गारगोटी झडपेचे बारीक कण खरवडते आणि तेच कण पेटतात. झडप मऊ असेल तर ठिणग्या मेलेल्याच निघणार. ओळखीच्या लोहाराकडून झडप कोळशाच्या भुकटीत डबाबंद करून तापवून घेतली आणि पाणी दिलं. संग्रहालयातला माणूस हे करणार नाही, जुना रंग गेला हेही मान्य. पण आता पांढऱ्या ठिणग्यांचा झुबका प्याल्यात पडतो. काळी गारगोटी सफोकमधल्या ब्रँडनकडची, वीस-पंचवीस ठोक्यांत तिची धार जाते.

पाचव्या महिन्यात एक दोष उघड झाला. घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धा ओढून अडकवलेला असताना, त्याला धरून ठेवणारी आतली अडणी जोरात दाबली की कधी कधी तो सुटतो. खाच झिजली आहे. त्यामुळे हे लॉक कोणत्याही बंदुकीवर चढणार नाही. टेबलावर ठिणग्या पाडून दाखवण्यापुरतंच ते आहे.

भारतात असं काही घ्यायचं असेल तर थांबा. १९५९चा शस्त्र कायदा बंदुकीच्या भागांनाही लागू होतो आणि शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा. आधी पोलीस ठाण्यात विचारा. इथे शोभेची वस्तू म्हणून ठेवायला परवाना लागत नाही.

वर रेनेसान्स वॅक्स या मेणाचा पातळ हात दिला होता. इथला ओला हिवाळा गेला तरी पट्टीवर गंज नाही. फक्त घोड्याच्या जबड्यात, जिथे गारगोटीभोवती चामडं गुंडाळलं होतं, तिथे तांबूस ठिपके आले. चामडं ओल धरतं. ते काढून आता शिशाचा पातळ पत्रा घातलाय, सैन्यातल्या बंदुकांना घालत तसा. काका विचारतात, शेपटी परत कोरून घेता येईल का. येईल, पण मी घेणार नाही.