दक्षिण अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा, दोन बाजूंचा, लॅमिनेटेड – सहा महिने वापरून लिहितोय

ठाणे स्टेशनजवळ गावदेवीच्या बाजूला शाळेच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे तिथून फेब्रुवारीत हा नकाशा घेतला, 380 रुपये, एका बाजूला प्राकृतिक आणि दुसऱ्या बाजूला राजकीय, नावं सगळी मराठीत. घेतला दोन कारणांसाठी. लेक जूनमध्ये दहावीला जाणार होती आणि आपल्या बोर्डाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असाच सगळा अभ्यास आहे, पण ब्राझीलच्या शेजारी कोण राहतं ते पोरांना धड माहीत नसतं. दुसरं कारण माझं स्वतःचं. मी वाशीला फळ मार्केटमध्ये इम्पोर्टच्या मालाचे पेपर बघतो, बारा वर्षं झाली, चिलीच्या सफरचंदाचे नि किवीचे कंटेनर न्हावा शेवाला लागतात त्यांचे कागद माझ्या हातातून जातात, सान अँटोनियो आणि वालपरायसो ही बंदरांची नावं हजार वेळा टाइप केली असतील पण ती नकाशावर बोट ठेवून दाखव म्हंटलं असतं तर मला जमलं नसतं.

साइज 70 बाय 100 सेंटिमीटर, स्केल एका सेंटिमीटरला 80 किलोमीटर. दुकानदार काका म्हणाले होते, "साहेब, प्राकृतिक बाजू बाहेर ठेवा, लोक उगाच रंगीत देशांची बाजू लावतात." तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही, आता शंभर टक्के पटलंय.

ऐरोलीला घरी आणून टांगला त्याच रविवारी लेकीने पट्टी घेऊन चिली मोजायला काढला. तीस सेंटिमीटरची पट्टी एकदा पूर्ण आणि वर चोवीस, म्हणजे 54, गुणिले 80 म्हणजे 4,300 किलोमीटरच्या आसपास, जे खरंच बरोबर आहे, आणि रुंदी बहुतेक ठिकाणी दोन अडीच सेंटिमीटर. मग मला विचारते, "बाबा, तुमची सफरचंदं यात कुठे लागतात?" प्राकृतिक बाजूवर ते लगेच दिसतं. वर उत्तरेला तपकिरी अटाकामाचं वाळवंट, खाली दक्षिणेला थंडी नि बर्फ, आणि मधे राजधानी सान्तियागोच्या खाली हिरवी पट्टी, फळं तिथलीच. त्या पट्टीच्या पूर्वेला अँडीज, पश्चिमेला पॅसिफिक, उत्तरेला वाळवंट, म्हणजे चारी बाजूंनी कुंपण घातल्यासारखं, त्यामुळे शेजारच्या देशातली कीड सहज आत येत नाही आणि हा माल जगात सगळीकडे विकला जातो. आणि विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे मोसम उलटा, त्यांची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल, जेव्हा आपल्याकडे काश्मीर हिमाचलचा फक्त कोल्ड स्टोरेजमधला माल उरलेला असतो. आमच्या मार्केटमध्ये उन्हाळ्यात चिलीच्या पेट्या का दिसतात याचं उत्तर भिंतीवर मिळालं मला.

पण या नकाशाने मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते बोलिव्हियाने. राजकीय बाजूवर बोलिव्हिया म्हणजे मधे एक पिवळा तुकडा, बस. प्राकृतिक बाजूवर बघितलं की कळतं की हा देश समुद्रापासून अगदी जवळ आहे, माझ्या नकाशावर मोजून दोन सेंटिमीटर, तरी किनारा नाही. आधी होता. अंतोफागास्ता हे बंदर बोलिव्हियाचं होतं, तिथल्या वाळवंटात सोरा निघायचा, खतासाठी आणि दारूगोळ्यासाठी तेव्हा त्याला सोन्यासारखा भाव होता, आणि तो काढत होती चिलीची कंपनी. 1878 मध्ये बोलिव्हियाने त्यावर क्विंटलमागे दहा सेंटाव्हो (तिथले पैसे) कर लावला, कंपनीने भरायला नकार दिला, बोलिव्हियाने माल जप्त करून लिलाव काढायचं ठरवलं आणि 1879 ला चिलीचं सैन्य अंतोफागास्तात उतरलं. पेरू बोलिव्हियाच्या बाजूने लढला, त्याचाही दक्षिणेचा भाग गेला. 1904 च्या तहाने किनारा कायमचा चिलीकडे, बदल्यात अरिका बंदरातून बोलिव्हियाचा माल न्यायची मोकळीक आणि अरिका ते ला पाझ रेल्वे, जी 1913 ला सुरू झाली. नकाशावर त्या रेल्वेची काळी पांढरी रेघ आहे, समुद्रसपाटीपासून थेट अँडीजवर चढते, मी ती कितीतरी वेळा बोटाने वर नेलीय.

आणि पुढचं बघा, त्याच गेलेल्या भागात चुकिकामाटा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या तांब्याच्या खाणींपैकी एक. सोऱ्याचं महत्त्व नंतर संपलं, तांबं राहिलं, आणि चिली आज तांब्यात जगात पहिला. बोलिव्हियात अजून दरवर्षी 23 मार्चला समुद्राचा दिवस पाळतात, त्यांचं नौदलही आहे, टिटिकाका सरोवरात, 3,800 मीटर उंचीवर. 2018 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की चिलीवर या विषयावर बोलणी करायचं कायदेशीर बंधन नाही. मी हे लेकीला सांगत होतो तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त पट्टी ठेवून ते दोन सेंटिमीटर परत मोजले तिने.

पॅराग्वेलाही समुद्र नाही पण त्याचं वेगळं आहे, त्याला नदी आहे. पाराग्वाय आणि पाराना या नद्या प्राकृतिक बाजूवर जाड निळ्या दाखवल्यात त्यामुळे राजधानी असुन्सिओनहून बार्ज (मालाची सपाट बोट) खाली कशी येते, अर्जेंटिनातल्या रोसारिओला मोठं जहाज कसं लागतं, मग ब्यूनोस आयर्सजवळच्या नदीमुखातून अटलांटिक, हा सगळा रस्ता एका बोटाने काढता येतो. आपल्या घरात येणारं सोयाबीन तेल बऱ्याच प्रमाणात याच रोसारिओच्या पट्ट्यातून येतं. 2021 ला पारानाचं पाणी इतकं उतरलं होतं की जहाजं पूर्ण भरता येत नव्हती, कमी माल घेऊन निघत होती, ते तेव्हा ऑफिसात ऐकलेलं पण आत्ता डोळ्यासमोर आलं.

त्याच पारानावर ब्राझील आणि पॅराग्वेचं इताइपू धरण, 14,000 मेगावॅट, आपलं कोयना 1,960 म्हणजे सात कोयना एका जागी. करार 1973 चा, वीज अर्धी अर्धी, पण पॅराग्वेची गरज छोटी त्यामुळे उरलेली त्याने ब्राझीललाच विकायची, बाहेर तिसऱ्याला नाही. पन्नास वर्षं पॅराग्वेतल्या लोकांची तक्रार आहे की भाव कमी मिळाला, आणि 2023 ला धरणाचं कर्ज फिटलं तेव्हापासून नवीन भावाची बोलणी सुरू झाली. बलाढ्य शेजारी असला की छोट्या देशाला किती जपून चालावं लागतं ते यात दिसतं, आणि ब्राझील तर चिली आणि इक्वेडोर सोडून इथल्या सगळ्यांचाच शेजारी.

आता राजकीय बाजू, आणि इथे मी नाराज आहे. वर उत्तरेला गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना तिन्ही एकाच गुलाबी रंगात, अक्षर इतकं बारीक की माझ्या आईने भिंग मागितलं. फ्रेंच गयाना हा देशच नाही, तो फ्रान्सचा भाग आहे, तिथे युरो चालतो, आपल्या इस्रोचे कितीतरी उपग्रह तिथल्या कुरूच्या अवकाश तळावरून गेलेत, हे एका छोट्या टिपेत लिहिता आलं असतं. सुरिनाम आणि गयानात आपल्याकडून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या लोकांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत, पोरांना दाखवायची केवढी चांगली जागा होती ती, वाया घालवलीय. एसेकिबोची काहीच खूण नाही. हा गयानाचा दोन तृतीयांश भाग व्हेनेझुएला आपला म्हणतो, 1899 चा लवादाचा निकाल त्यांना मान्य नाही, 2015 ला गयानाच्या समुद्रात तेल सापडलं आणि वाद पेटला, डिसेंबर 2023 ला व्हेनेझुएलाने त्यावर सार्वमतही घेतलं. तुटक रेघ मारायला काय जात होतं? बोलिव्हियाची राजधानी म्हणून फक्त ला पाझला चांदणी आहे, घटनेप्रमाणे राजधानी सुक्रे आहे, सरकार ला पाझला बसतं. दहावीच्या मुलाने हे पाठ केलं तर त्याचे मार्क जातील.

बाकी वस्तू म्हणून बोलायचं तर लॅमिनेशन जाड आहे, ओल्या फडक्याने पुसता येतं, पण ट्यूबलाइट समोर असेल तर चकाकतं आणि काही वाचता येत नाही, मी खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर हलवला तेव्हा बरं झालं. जुलैत दमट हवेने खालची दोन टोकं वळली, खाली लाकडाची पट्टी स्टेपल करून घेतली आता सरळ राहतो. दुकानात घडी घालून देतात, घेऊ नका, गुंडाळून मागा, माझ्या घडीची पांढरी रेघ नेमकी टिटिकाकावरून गेलीय आणि ती आता निघत नाही. खरी अडचण म्हणजे दोन्ही बाजू एकदम बघता येत नाहीत, सीमा का तिथे आहे ते एका बाजूला आणि सीमा दुसऱ्या बाजूला, सारखं उलटं करावं लागतं. प्राकृतिक बाजूवरच देशांच्या सीमा लाल रेघेने थोड्या ठळक केल्या असत्या तर दुसरी बाजू लागलीच नसती.

प्राकृतिक बाजूला पाच पैकी पाच, राजकीय बाजूला दोन. चुका कागदावर लिहून काकांना देऊन आलोय, माल देणाऱ्याकडे पोचवतो म्हणाले. त्यांच्याकडे आफ्रिकेचाही आहे याच मापाचा, लेकीची सहामाही झाली की शनिवारी जाऊन आणणार आहे, गुंडाळून.