एएसव्हीची कुपी: औषध खरं, सोबतची तयारी अपुरी

निंदणाचे दिवस आले की विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एएसव्हीची कुपी, सर्पविषावरचं औषध. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि एकाच कुपीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचा उतारा असतो. म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही.

भुकटीची कुपी फ्रीजविना टिकते; जिथं वीज तासन् तास जाते तिथं द्रवरूप कुपीपेक्षा तीच घ्यावी. कुपीत 10 मिलि इंजेक्शनचं पाणी घालून ती तळहातांत हळूहळू फिरवायची. घाईनं खळखळून हलवली तर नुसता फेस होतो. सुरुवातीला 10 कुप्या, सलाइनमधून साधारण तासाभरात. एवढ्या विरघळवायला दोघं जण हवेत, रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरला ते झेपत नाही. लहान मुलालाही कुप्या तेवढ्याच, कारण साप वय पाहून विष सोडत नाही. सलाइन मात्र वजनाप्रमाणे कमी करायचं. विषाची लक्षणं नसतील तर औषध देऊ नये, 24 तास लक्ष ठेवावं.

घोणसाच्या दंशात या औषधाचा गुण दिसतो, पण काचेच्या साध्या नळीवाचून तो कळत नाही. कोरड्या, नव्या नळीत 2 मिलि ताजं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. गोठलं नाही, तर घोणसाच्या किंवा फुरशाच्या विषानं रक्त बिघडवलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असली तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि कुप्या वाया जातात. औषधानंतर पुढची चाचणी सहा तासांनी, कारण गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. तोवर दर तासाला कुप्या चढवण्यात अर्थ नाही.

मण्यारीपुढे मात्र औषध तोकडं पडतं. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, दुखत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटू लागतात. तिचं विष नसांची टोकंच मोडतं. ती भरून यायला दिवस जातात, औषध ती सांधत नाही. तेव्हा जीव वाचवतो तो श्वास: अम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), श्वासनळीत घालायची नळी, व्हेंटिलेटर. लुळ्या स्नायूंना बळ देणाऱ्या निओस्टिग्मिन इंजेक्शनचा (आधी ॲट्रोपिन देऊन) गुण नागाच्या दंशात चांगला येतो, मण्यारीत क्वचितच.

रिॲक्शन हा औषधाचा खरा दोष. खाज, पित्त उठणं, थंडी, उलटी, कधी रक्तदाब कोसळणं. आधी कातडीवर चाचणी घेऊन ती ओळखता येत नाही. म्हणून सलाइन सुरू करण्याआधीच रिॲक्शनवरचं ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून ठेवावं: मोठ्यांना 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. रिॲक्शन आली की सलाइन थांबवायचं, माणूस सावरल्यावर हळू पुन्हा सुरू करायचं. भीतीपोटी न देताच पुढं पाठवणं हे त्याहून घातक.

संशोधनाची उणीव इथंच बोचते. 2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे. औषधासाठीचं विष मुख्यतः चेन्नईजवळच्या, साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि घोणसाचं विष प्रदेशागणिक बदलतं हे दिसून आलं आहे. यवतमाळच्या कापसातल्या घोणसाला हीच कुपी किती पुरते, हे इथल्याच विषावर तपासायला हवं. कोणत्या सापाचं विष अंगात आहे हे खाटेजवळ सांगणारा संचही आपल्याकडे रोजच्या वापरात नाही.

कुपी घ्यावीच. पण पावसाळ्याआधी रुग्ण कल्याण समितीनं कपाटात दहा नव्हे, वीस कुप्या, काचेच्या नळ्या, ॲड्रेनालिन आणि लहान-मोठ्या मापाची अम्बू बॅग आहे का, हे स्वतः उघडून पाहावं. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. तिथं पुढं पाठवण्याचा पर्यायच उरत नाही.