तीर्थनचा ट्राउट: मार्चच्या मध्यात की एप्रिलअखेर?

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे जानेवारी लागला की परभणी-नांदेडकडच्या दोन-चार जणांचा प्रश्न येतोच: हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट, हा थंड पाण्यातला मासा, धरायला मार्चच्या मध्यात जावं की एप्रिलअखेर? मी मार्चच्या मध्यात तीनदा आणि एप्रिलअखेर दोनदा जाऊन आलोय. माझं कृषी सेवा केंद्र आहे. मे उजाडला की बियाण्यांच्या गडबडीत दुकान सोडता येत नाही. माझा कल कुठे आहे, त्यात याचाही थोडा वाटा असेल. तेवढं धरून वाचा.

प्रवास दोन्ही वेळी तोच. सचखंड एक्स्प्रेसनं अंबाला, तिथून चंदीगडमार्गे मनालीची बस, औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरून बंजारच्या रस्त्याला लागायचं. मासेमारीचा परवानाही दोन्ही वेळी लागतो. फरक नदीत आहे.

हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्याचा अंडी घालण्याचा काळ. म्हणजे मार्चमध्ये आपण पोचतो तेव्हा त्या माशांनी चार महिने फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, पाहिलेली नसते. पण ते सोपे असतात असं समजू नका. मार्चचं पाणी उथळ आणि इतकं नितळ असतं की डोहाच्या तळाचा गोटा न् गोटा मोजता येतो, आणि मासाही आपल्याला तितकाच स्वच्छ पाहतो. तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगानं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जावं लागतं. लीडर, म्हणजे गळाच्या दोरीच्या (लाइनच्या) टोकाचा धागा, लांब आणि बारीक हवा. ऊन पाण्यावर येईपर्यंत मासा तळ सोडत नाही. साडेदहापर्यंत नुसतं बसून राहायची तयारी ठेवा. मग जड मण्याचा निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणारी फ्लाय, तळाशी घरंगळत न्यायचा. अकरा ते तीन हा खरा वेळ.

थंडी मोजायला माझ्याकडे थर्मामीटर नाही. पोटऱ्या बधिर व्हायला मार्चमध्ये दहा मिनिटं लागतात, एप्रिलअखेर वीसेक. मार्चच्या सकाळी बोटं इतकी आखडतात की गाठ मारता येत नाही. फ्लाय घरातच शेकोटीजवळ बसून बांधून ठेवतो.

एप्रिलअखेर दरी हिरवी झालेली असते आणि मासा सकाळी सातलाच वर येऊ लागतो. पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायचा आनंद घ्यायचा तर हेच दिवस, हे मला मान्य आहे. शिवाय परभणीत पारा 42 वर असताना तिथे पाण्यात पाय सोडून बसणं म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण माझं मन फिरलं ते दुपारच्या पाण्यानं. एप्रिलच्या दुसऱ्या खेपेला मी रोज एका तांबूस दगडाची खूण धरत होतो. सकाळी तो चार बोटं वर असायचा. साडेअकराच्या सुमाराला मासे जोमानं वर उठायला लागले, समोरच्या वळणावर एकामागून एक तीन वर्तुळं उठली, आणि मी लाइन सोडतोय तोवर दगडाचा माथा ओला झाला. पंधरा मिनिटांत तो दिसेनासा झाला. वर डोंगरात सकाळपासून वितळत असलेलं बर्फ तेव्हा खाली पोचत होतं. पाण्याचा रंग तांदळाच्या धुवणासारखा झाला. आपल्या गोदावरीच्या पुराचं गढूळ पाणी वेगळं, ते काळ्या मातीचं. हे राखाडी आणि बर्फगार असतं. मासे बसले ते बसलेच. आमचे यजमान म्हणाले, आता उद्या सकाळी. चार दिवस हेच झालं. ढगाळ दिवशी पाणी उशिरा चढतं, कडक ऊन पडलं की दहालाच, त्यामुळे अंदाजही बांधता येत नाही. दोन दिवसांचा प्रवास करून जायचं आणि ऐन रंगात आलेला डाव रोज मोडायचा, हे मला सोसत नाही.

मार्चलाही धोका आहे, तो लपवत नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, आला की पाऊस, वर बर्फ, आणि नदी दोन दिवस बिघडते. एका खेपेला पाचातले दोन दिवस असेच गेले. पण उरलेल्या तीन दिवसांत पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखं होतं. त्यातल्याच एका दुपारी दीड वीत लांबीचा ब्राऊन ट्राउट लागला. पिवळट अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. ओल्या हातानं धरून सोडला, तर घटकाभर माझ्या बुटाशीच उभा राहिला.

ज्यांच्या गव्हा-हरभऱ्याच्या राशी मार्चमध्ये व्हायच्या असतात किंवा जे शाळेत आहेत, त्यांना एप्रिलअखेरशिवाय इलाज नाही. माझे मेहुणे शिक्षक आहेत, ते तेव्हाच जातात. त्यांनी पहाटे साडेपाचला पाण्यावर उतरावं, साडेदहाला आवरावं आणि खोली नदीला लागून घ्यावी, म्हणजे सकाळचा तास चालण्यात जात नाही. वर्दळही तेव्हा वाढलेली असते, खोली आधी सांगून ठेवावी.

मी यंदाही मार्चचंच तिकीट काढलंय. तोवर रविवारी येलदरीच्या पाण्यावर चिलापीवर हात बसवतोय. ती बारीक निम्फ बऱ्यापैकी घेते, आणि लाइन वाऱ्यात कशी सोडायची हे तिथे चांगलं कळतं.