साडेतीन लिटरचा डबा, ३.१ लिटरचं इंजिन: ०डब्ल्यू-२० आठ महिन्यांनंतर

०डब्ल्यू-२० हे पातळ इंजिन ऑइल उत्तम आहे, डोकेदुखी डब्याच्या मापाची आहे. माझ्या गाडीच्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट ३.१ लिटर ऑइल मावतं आणि डबा येतो साडेतीन लिटरचा. वरचं ४०० मिली "पैसे दिलेत ना, मग टाकूनच देतो" म्हणत वर्कशॉपवाले सरळ इंजिनात ओततात. इथेही तेच झालं. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! इतकं भरलं की इंजिनाच्या तळाशी फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. जादाचं काढायला परत मजुरी मागितली, हा तर कहर.

म्हणून ऑइल बदल समोर उभं राहून करून घ्या. इंजिन कोमट, गाडी सपाट जागी, जुनं ऑइल दहा मिनिटं निथळू द्यायचं. ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच हवा, जुना दाबून बसवला की थेंब थेंब गळतो. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवायचं, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण आटा. आधी फक्त २.८ लिटर ओता. डब्याच्या बाजूला पारदर्शक पट्टीवर खुणा असतात. मिनिटभर इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा.

ग्रेडबद्दलचं, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट असावं याबद्दलचं मत मात्र बदललं. "ग्वाल्हेरच्या उन्हात हे पाणी टिकणार नाही, २०डब्ल्यू-४० टाका," असं शहरातल्या लष्कर भागापासून मुरारपर्यंत मिस्त्री सांगतात, आणि सुरुवातीला ते पटलंही होतं. पण मे महिन्यात पडावच्या जाममध्ये एसी लावून उभ्या गाडीत ऑइलचा दिवा एकदाही लुकलुकला नाही. कारण बाहेर ४५ अंश असो वा जानेवारीत ४, थर्मोस्टॅट (तापमान राखणारी झडप) इंजिनात फिरणारं कूलंट ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. उलट थंडीच्या सकाळी घट्ट २०डब्ल्यू इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत (हेड) उशिरा चढतं, आणि झीज तेव्हा वाढते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच घ्या.

डब्यावर एपीआय एसपी हा ऑइलच्या दर्जाचा शिक्का बघून घ्या. हा दर्जा २०२० चा. दुकानात अजून जुना एसएन माल खपवतात. दीड हजार किलोमीटरला ऑइल काळं पडलं तर घाबरू नका, ते काजळी धरून ठेवतंय.

काढून घेतलेल्या त्या ४०० मिलीतलं सहा हजार किलोमीटरमध्ये टॉप-अपला १५० मिली लागलं, २५० मिली बूच लावून शिल्लक आहे. पुढच्या वेळी त्याच्या जोडीला तीन लिटरचा डबा पुरेल.