मरळ की चिलापी? कोकणातल्या गोड्या पाण्यातलं काय घ्यावं

माझं मत आधीच सांगतो, मरळच. आत बारीक काटे फार कमी, मांस घट्ट, रश्शात तुकडा फुटत नाही, आणि हा मासा वरची हवा घेऊन श्वास घेतो म्हणून पाण्याबाहेर ओला ठेवला की बराच वेळ टिकतो, त्यामुळे बाजारात जिवंत मिळतो (निसटला तर शोधत बसा!). पण भाव चढा.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पैदास भराभर होते, म्हणून स्वस्त, पण तळ्यातल्या गावठी माशांना भारी पडते. तळ्याच्या चिलापीला कधीकधी चिखलाचा वास येतो, अशा वेळी आगळ (कोकमाचा खारट रस) लावून कडक तळायची, रस्सा नकोच.

पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं थव्याने दिसली तर जाळं टाकू नका, नर राखणीला असतो.