कणकुंबीकडचं होमस्टे: रेंज शून्य, पण निरोप बरोबर पोचतो

नेटवर्कपासनंच सुरू करतो, कारण स्टेटसला फोटो टाकल्यापासनं सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, "तिथं रेंज येते काय?" नाही येत. खोलीत नाही, अंगणात नाही, गोठ्याच्या मागं कधीतरी एक कांडी दिसते आणि हॅलो म्हणेपर्यंत जाते. तरीपण आम्ही घरच्यांना पाहिजे तेव्हा सापडलो, बेळगावात दुकानात बसलेला असताना सापडतो त्याच्यापेक्षा बरा सापडलो, आणि त्यासाठी दिवसभर फोन हातात धरून फिरायला लागलं नाही. हे त्या होमस्टेवाल्यांनी कसं जमवलंय ते सांगायला म्हणूनच एवढं लांब लिहायलोय. जेवणाचं आणि खोल्यांचं खाली आहे, घाई असली तर तिकडं जावा.

जागा म्हणजे बेळगावातनं पिरनवाडी, जांबोटी करत चोर्ला घाटाच्या रस्त्यानं कणकुंबीच्या अलीकडं मेन रोड सोडून आत. नाव टाकत नाही, मालकांनीच, म्हणजे मामांनीच नको म्हणून सांगितलंय, चारच खोल्या आहेत आणि गर्दी झाली की जमत नाही म्हणतात. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला विचारा, सांगतो की. आमचं भांड्यांचं दुकान, त्यामुळं दिवाळी आणि लग्नसराईत हलता येत नाही, आषाढात गिऱ्हाईक कमी असतं तेव्हाच काय ती सुट्टी, आणि आषाढात कणकुंबी म्हणजे पाऊस काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे.

या भागाची एक गंमत आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिथनं जवळच खानापूर तालुक्यातच उगम पावलेली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. मोबाईलला पण असलंच होतं, जरा उंचावर गेलं की कधी कर्नाटकचा टॉवर धरतो कधी गोव्याचा, आणि टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच, त्यामुळं बसल्या जागी रोमिंग. आता त्याचे पैसे कुणी वेगळे घेत नाही, सगळं प्लॅनमध्येच असतं, पण आमची आई अजून "रोमिंग लागत असंल, ठेव ठेव" म्हणून मुद्द्याचं बोलायच्या आधी फोन कट करते. तिचंही चुकत नाही म्हणा, २०१५ ला ट्रायनं, म्हणजे टेलिकॉमचे दर ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, दर खाली आणला तेव्हासुद्धा रोमिंगमध्ये नुसता आलेला फोन उचलायला मिनिटाला ४५ पैशांपर्यंत लागत होते, त्याच्या आधी ७५. हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीला नातेवाईक असलेल्या प्रत्येकाला ते दिवस आठवत असतील, एका घरात दोन राज्यांची सिमं.

तर आता मुख्य गोष्ट. तिथं पोचल्या पोचल्या चहा येतो आणि चहाबरोबर एक लांबडी वही. आधार कार्डाची झेरॉक्स सगळीकडं घेतात तशी हितंही घेतात, पण त्यानंतर मामा चष्मा लावून विचारतात, "घरात मागं कोण हाय? म्हातारं माणूस कोण? रात्री कुणाचा फोन आला तर उठवू, आन कुणाला सकाळी सांगतो म्हणू?" असला प्रश्न मला आजवर कुठल्याच लॉजवर कुणी विचारला नव्हता. बायकोनं एका दमात सांगितलं, सासूबाईंचा आला किंवा शेजारच्या काकूंचा आला तर कितीही वाजू देत उठवा, दुकानातल्या पोराचा आला तर नाष्ट्यानंतर सांगा, आणि माझ्या भावाचा आला तर झोपलेत म्हणा. मामांनी तिन्ही जसंच्या तसं लिहून घेतलं, भावाचं पण.

ज्या फोनवर हे सगळे फोन येतात तो सोप्यात कोपऱ्यात टेबलावर आहे, लँडलाईन, हल्लीची फायबरवाली. बुकिंग केलं की तो नंबर कोडासकट व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मोबाईलवरनं लावताना ०८३३६ आधी लावायचं हे आईला मी समजावून सांगितलं होतं, तिनं दुधाच्या हिशेबाच्या खालीच लिहिलं. घंटी वाजली की मामा आधी "हलो, यार्री?" म्हणजे कोण बोलतंय, असं कन्नडमध्ये, पलीकडनं मराठी ऐकलं की मराठीत, आणि गोव्याकडचं कोण असलं की कोकणीत, आणि तिन्हीत आवाज तेवढाच मोठा. निरोप वहीत लिहितात, वेळ घालतात, आणि तुम्ही जेवायला आला की ताटाशेजारी वाचून दाखवतात. "सावकार, दुकानातनं फोन हुता, तांब्याच्या घागरीचं गिऱ्हाईक परत आलंय, भाव विचारायलंय, म्या सांगितलं दुपारी बोलतील." काय पाहिजे आणखी. दिवसभर मोबाईल वाजत असता तर त्या घागरीसाठी मी चार वेळा उठलो असतो.

तिथनं बाहेर फोन करायचा तर मोबाईल नंबराच्या आधी शून्य लावायचं, विसरू नका. १५ जानेवारी २०२१ पासनं लँडलाईनवरनं कुठल्याही मोबाईलला शून्य लावल्याशिवाय फोन जात नाही, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना लँडलाईन वापरून इतकी वर्षं झाली की हे माहीतच नाही. हुबळीचं एक कुटुंब होतं, त्यातला कॉलेजचा पोरगा परत परत नंबर दाबून "फोन खराब आहे" म्हणून रिसीव्हर आपटायला लागला, तेव्हा मामी आतनं ओरडल्या, "झिरो हाक्री!", म्हणजे शून्य लावा. त्या काय फोनजवळ आल्या पण नाहीत.

वाय-फाय आहे, पण फक्त सोप्यात. खोल्यांत पोचत नाही, आणि मला वाटतं मुद्दामच पोचवलेलं नाही. ज्यांच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू आहे त्यांना सोप्यात बसून स्वतःच्या नंबरवरनं नेहमीसारखा फोन करता येतो, टॉवरची गरजच नाही. ही सोय खाजगी कंपन्यांनी २०१९-२० च्या सुमारास आणली आणि बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ती बंदच पडून असते, तर सेटिंगमध्ये जाऊन निघायच्या आधीच चालू करून बघा. ओटीपीच्या भरवशावर मात्र राहू नका, मेसेज बऱ्याचदा टॉवर मिळाल्यावरच गठ्ठ्यानं येतात, तोवर ओटीपी शिळा झालेला असतो. बँकेचं काय ते जांबोटीच्या आधी उरकून घ्या आणि रोख पैसे न्या.

आणि एक दगड आहे. घराच्या मागं चढावर, जरा वर गेलं की काळा मोठा दगड, त्याच्यावर उभं राहिलं की रेंज येते. सगळे पाहुणे संध्याकाळी छत्र्या घेऊन तिथं. एका वेळी एकच जण उभा राहू शकतो त्यामुळं आपोआप लाईन लागते आणि मागच्याला सगळं ऐकू येतं, कुणाच्या जागेच्या उताऱ्यावर कुणाचं नाव चढलं नाही, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय, सगळं. मला तर तिथनं समजलं की लोक खरं कामाचं किती कमी बोलतात. जो माणूस दगडावर उभा राहून "जेवलास काय, मी पण जेवलो, पाऊस आहे, हां हां" करत बसतो त्याच्याकडं मागचे सात जण कसे बघतात ते बघण्यासारखं असतं. बिलाचे पैसे ऑनलाईन द्यायचे असले तर तेही वायफाय सोडून लोक तिथंच जातात, का ते विचारू नका.

दुकानदार लोकांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण माझे मित्र सगळे त्यातलेच. फोन लागत नसताना आलेला कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायची सोय असते, ती फोनच्या आत नसून कंपनीच्या बाजूनं चालते, म्हणून तुमचा फोन बंद असला तरी कॉल वळतो. पण ती लावायची मात्र रेंजमध्ये असताना, म्हणजे पिरनवाडीच्या आत. पूर्वी स्टार-हॅशचे कोड दाबून व्हायचं, त्यात फसवणूक व्हायला लागली म्हणून सरकारनं १५ एप्रिल २०२४ पासनं ते बंद करायला लावलेत, तर कॉल सेटिंगमध्ये जाऊन 'संपर्क नसताना' वालं निवडा आणि तिथं दुकानातल्या विश्वासू माणसाचा नंबर घाला. 'सगळे कॉल' वालं निवडू नका, नाहीतर बायकोचेही फोन दुकानात जातील. आणि ज्यांनी व्हॉट्सॲप बिझनेसवर 'सध्या बाहेर आहोत' असा मेसेज लावून ठेवलेला असतो त्यांनी लक्षात घ्या, त्या फोनला नेट नसलं तर तो मेसेज जातच नाही. म्हणजे तुम्ही जंगलात आणि गिऱ्हाईकाला नुसती एक टिक. मी म्हणून दुकानचा फोन दुकानातच ठेवून जातो.

आता खरं कशासाठी मी या लोकांना मानलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं रस्त्याकडंचं झाड पडलं, केबल तुटली, लँडलाईन बंद, वाय-फाय बंद, करंट तर आधीपासनंच नव्हता, इन्व्हर्टरवर चाललं होतं. दुसरा कुठला मालक असता तर "निसर्ग आहे साहेब" म्हणून हसला असता. मामांनी वही काढली, वहीतले घरचे सगळे नंबर एका कागदावर उतरवले, मुलाला रेनकोट घालून गाडीवरनं रेंज मिळेल तिथं पाठवलं, आणि त्यानं एकेकाच्या घरी फोन करून सांगितलं की लाईन तुटली आहे, उद्यापर्यंत फोन लागणार नाही, सगळे बरे आहेत, काही अर्जंट असलं तर आत्ता सांगा. आईनं त्याला काय सांगितलं, तर "पोराला म्हणावं पायमोजे वाळत घाल." हा निरोप पण त्यानं भिजलेल्या कागदावर लिहून आणला. रात्रभर फोन बंद, पण घरी कुणी काळजी करत बसलं नाही, कारण लागणार नाही हे त्यांना आधीच माहीत होतं. फोन न लागल्याचा त्रास तेवढा नसतो हो, का लागत नाही ते न समजल्याचा जास्त असतो.

याच्याउलट मागं एका मोठ्या रिसॉर्टला गेलो होतो, नाव घेत नाही, तिथं 'डिजिटल डिटॉक्स' म्हणून फोन लॉकरमध्ये ठेवून घेत होते आणि पैसे तिप्पट. रिसेप्शनचा नंबर दिला होता, पण रात्री दहानंतर तो उचलायला तिथं कोण नसायचंच. फोन काढून घेणं सोपं आहे, कुणी पण काढून घेईल.

पाहुण्यांचं वागणं थोडं सांगायलाच पाहिजे. पुण्याचा एक ग्रुप होता, चांगली पोरं, पण जेवताना एकानं रील लावली स्पीकरवर, मग दुसऱ्यानं. सोप्यात भिंतीवर मराठी आणि कन्नडमध्ये हातानं लिहिलेली पाटी आहे, फोन स्पीकरवर लावू नये म्हणून, ती कोण वाचतंय. मामी भाकरी वाढताना थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाज जरा बारीक कर की बाळा, हे भावजी काय सांगायलेत ते मला ऐकू येईना." भावजी म्हणजे मी, आणि मी काहीच सांगत नव्हतो. पण पोरानं फोन बंद केला आणि मला मग खरंच कायतरी सांगायला लागलं, तर मी वज्रपोह्याचं सांगितलं. तो धबधबा भीमगड अभयारण्याच्या हद्दीकडं येतो, पावसाळ्यात बऱ्याचदा जायला बंदी असते, तर वन खात्याकडं विचारल्याशिवाय निघू नका. २०११ पासनं ते अभयारण्य आहे, तिथं ब्लूटूथ स्पीकर घेऊन जाणाऱ्यांना काय म्हणावं मला समजत नाही.

जेवण. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, सोलकढी, आणि नशीब असलं तर अळंबी, आम्हाला एकदा मिळाली, त्या दिवशी दगडावर लाईनच नव्हती. शाकाहारी लोकांना फणसाच्या बियांची आमटी, ती पण झकास. चहा जरा गोड आहे, आधी सांगा. खोल्या स्वच्छ, पण अंथरुणाला दमट वास, आषाढात त्याला कोण काय करणार, तरी मामींना दोन जादा चादरी मागितल्या तर मिळतात. गरम पाणी चुलीवरचं, सकाळी सातच्या आत अंघोळ उरकली तर भरपूर, नंतर कोमट. चार्जिंगचा प्लग खोलीत एकच आणि तो पण दाराजवळ. रेंज नसलेल्या जागी फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून फ्लाईट मोडवर टाकून ठेवा, फोटोपुरता पुरतो. लहान मुलं असली तर अंगणाला कठडा नाही, उतार आहे, लक्ष ठेवायला लागतं, ही एक तक्रार मी मामांना तोंडावर सांगून आलोय. जळवा आहेतच, मीठ घेऊन जावा.

पाचातले चार. एक कापला तो कठड्याचा आणि दमट अंथरुणाचा मिळून. माणशी पंधराशे, दोन वेळचं जेवण आणि नाष्टा धरून, मुलांना निम्मे. बुकिंगला लँडलाईनवरच फोन करा आणि बराच वेळ वाजू द्या, सकाळी मामा गोठ्यात असतात आणि मामी चुलीपाशी, दोघांपैकी कोणतरी हात पुसत येतंच. व्हॉट्सॲपवर विचारलं तर उत्तर येतं, पण रात्री, मुलगा वाय-फायला बसला की. आणि फोन लागला की आधी "यार्री" ऐकून ठेवून देऊ नका, बेळगावचं म्हणून सांगा.